श्वास नीट कसा घ्यायचा? आधी नीट सोडायला शिका

"मोठा श्वास घे" असं आपण कुणालाही पटकन सांगतो आणि समोरचा काय करतो तर खांदे वर उचलतो, छाती फुगवतो, पोट आत ओढतो. नेमकं उलटं! न्यूमोनिया होऊन गेल्यावर मला दोन जिने चढले तरी धाप लागायची तेव्हा मीही हेच करायचो. फिजिओथेरपी सुरू झाल्यावर कळलं की माझी सगळी धडपड हवा आत घ्यायची चालली होती आणि गडबड होती सोडण्यात.

आधी आपला श्वास मोजून बघा. मोठ्या माणसाचे शांत बसल्यावर मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात, आत-बाहेर मिळून एक धरायचा. पण स्वतःच मोजायला बसलं की लक्ष जातं आणि वेग बदलतो, म्हणून घरातल्या कुणालातरी तुमच्या नकळत पूर्ण मिनिटभर मोजायला सांगा. लहान मुलांचा वेग मुळातच जास्त असतो, त्यांना हा आकडा लावू नका.

आता पाठीवर आडवं पडा, गुडघे वाकवा, एक हात छातीवर आणि एक बेंबीच्या जरा वर ठेवा. तोंड बंद, नाकाने सावकाश श्वास घ्या (नाकात हवा गाळली जाते, गरम आणि दमट होते, तोंडाने घेतलं तर हे काम नीट होत नाही). पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ हलायला नको. हवा पोटात जात नाही बरं का, ती फुफ्फुसातच जाते, पण फुफ्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. त्यांच्या खाली घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. तो आकसला की सपाट होत खाली सरकतो, छातीत जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपसूक आत येते. पोटातले अवयव खाली दाबले जातात म्हणून पोट पुढे येतं, एवढंच. मान-खांद्याचे स्नायू हे पळताना वगैरे मदतीला येणारे, बसल्याजागी त्यांना कशाला दमवायचं.

सावकाश का, तर हा हिशोब बघा, मला तर यानेच पटलं. एका साध्या श्वासात अंदाजे ५०० मिली हवा आत येते पण त्यातली १५० मिली नाक, घसा, श्वासनलिका यातच राहते, वायुकोशांपर्यंत (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत) पोचतच नाही, आणि ऑक्सिजन रक्तात जातो तो तिथूनच. मिनिटाला १२ श्वास ५०० मिलीचे घेतले तर एकूण ६ लिटर, त्यातले कामाचे ४.२ लिटर. तेच घाईघाईत २४ श्वास २५० मिलीचे घेतले तरी एकूण ६ लिटरच, पण कामाचे फक्त २.४! मेहनत जास्त आणि पदरात जवळपास निम्मंच.

आता सोडणं. शीळ घालताना करतो तसे ओठ करा आणि फुंकर मारल्यासारखा हळू सोडा, आत घेताना दोन आकडे मोजले तर सोडताना चार. जोर लावायचा नाही. दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांच्या बारीक श्वासनळ्या सोडताना अरुंद होतात आणि हवा आतच अडकते, मग नवीन हवेला जागाच उरत नाही, ओठ आवळले की आत थोडा दाब राहतो आणि नळ्या उघड्या राहतात. जिना चढताना थांबून श्वास घ्या आणि सोडता सोडता दोन-तीन पायऱ्या चढा, मला याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे.

चक्कर आली, ओठ किंवा बोटं झिणझिणली तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. तुम्ही जास्त श्वास घेतलाय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलाय. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः हा वायू वाढल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही, म्हणून पोहताना पाण्याखाली जाण्याआधी भराभर मोठे श्वास घेणं फार धोक्याचं आहे, ऑक्सिजन संपत येतो तरी मेंदू इशारा देत नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. कृपया हे कुणीही करू नका, पोरांनाही सांगून ठेवा.

आणि बसल्याजागी दम लागतोय, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत किंवा छातीत दुखतंय तर व्यायाम बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. मदत येईपर्यंत त्या माणसाला सपाट झोपवू नका, बसवा, थोडं पुढे वाकवून कोपरं टेबलावर किंवा मांड्यांवर टेकवू द्या, गळ्याजवळचं बटण सैल करा.