अँबॅसेडरमध्ये इसुझू इंजिन बसवताना

मार्क २ किंवा मार्क ३ मधलं १४८९ सीसीचं इंजिन काढून १८१७ सीसीचं इसुझू बसवायचं असेल, तर सुटं इंजिन घेऊन फसू नका. भंगारात निघालेली १८०० आयएसझेड (हेच इसुझू इंजिन असलेली अँबॅसेडर) अख्खी शोधा. इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं ते) ब्रॅकेट, मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, वायरिंग सगळं एकाच गाडीचं असलं की निम्मं वेल्डिंग वाचतं.

उतरवण्याआधी इंजिन गरम करून कॉम्प्रेशन मोजा. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा ढिला निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. नवा इंजिन नंबर आरसीवर चढला पाहिजे, विमा कंपनीलाही कळवा. गाडी ५० वर्षांपुढची आणि अजून मूळ रूपात असेल तर थांबा. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत 'व्हीए' (व्हिंटेज गाडीच्या खास) नंबरसाठी इंजिनात फेरफार चालत नाही. अशा गाडीचं जुनं इंजिनच बांधून घेतलेलं बरं.

बॉनेट आणि रेडिएटर काढा. इंजिन-गिअरबॉक्स जोडूनच, शेपूट खाली करून चेन ब्लॉकने आत सोडा. स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन दांडा खाली येतो, त्यासाठी फ्लोअर कापावा लागेल. ब्रॅकेटना आधी नुसते टाके मारा. पंखा रेडिएटरपासून २० मिमी लांब, संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) कुठेही घासत नाही, बॉनेट बंद होतं, एवढं पटलं की मगच पक्कं वेल्डिंग.

शाफ्टचं माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या, जॅकवर नाही. स्लिपला (शाफ्टच्या पुढे-मागे सरकणाऱ्या सांध्याला) २०-२५ मिमी जागा ठेवा. कापून जोडल्यावर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस ज्यात बसतो ते दुबेळके) एका रेषेत आले नाहीत, तर क्रॉस कितीही नवे घाला, वेगात गाडी थरथरणारच. बॅलन्सिंग करूनच बसवा.

मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग जुनंच ठेवणार असाल तर रेशो तपासा. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, जमिनीवरच्या चाकांना दगड. मागचं एक चाक उचलून बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे जेवढे फेरे होतील तेवढा रेशो. आयएसझेडच्या हाउसिंगपेक्षा वेगळा आला तर स्पीडोमीटर खोटं बोलेल.

जुन्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) असेल तर बॅटरी फिरवून निगेटिव्ह अर्थ करा, नाहीतर आल्टरनेटरचे डायोड जळतील. आणि इंजिन-चॅसिसमधली जाड अर्थ पट्टी हमखास विसरली जाते. मग स्टार्टरचा करंट चोक केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारला की केबलचं कव्हर वितळून धूर येतो आणि मिस्त्री स्टार्टर खोलत बसतो.

पहिल्यांदा प्लग काढून, इग्निशनची वायर सोडवून, सेल्फवर फिरवा. ऑइलचा दिवा विझला की प्लग लावून स्टार्ट करा. ५०० किमीनंतर फाउंडेशन आणि शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा.