इंग्लंडच्या खेड्यातला पूर्वज कसा शोधावा

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे घराण्याची नामावळी एका वहीत मिळते. इंग्लंडच्या खेड्यात तशी वही नाही. तिथे नोंदी पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे ठेवलेल्या. त्यामुळे आडनावाच्या मागे न लागता आधी गाव पक्कं करा. माझं सासर डॉर्सेटमधलं, पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरांचं. हे शहाणपण मला तिथे दोन वर्षं घालवून आलं.

घरातले कागद आणि थोरामोठ्यांच्या आठवणी जमवल्यात असं धरून चालते. १८३७ पर्यंतचा प्रवास सोपा आहे. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे या नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, ऑनलाइन सूचीत बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव दिसतं, त्यावरून भावंडं लावून घ्या. जनगणना दर दहा वर्षांची. १८४१च्या जनगणनेत मोठ्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलेली आहेत आणि जन्मगाव नाहीच, म्हणून १८५१ मध्ये हयात असलेला माणूस धरा.

खरी अडचण इथून पुढे. १८५१च्या पानावर आमचा जॉन होता: शेतमजूर, वय ५२, शेजारी जन्मगाव. त्या गावाच्या चर्चच्या रजिस्टरात त्याच नावाचा, त्याच सुमाराचा बाप्तिस्मा मिळाला. एका संकेतस्थळावर कुणीतरी तयार वंशावळही मांडून ठेवली होती. मी ती उचलली आणि त्या जॉनच्या आईवडिलांपासून मागे मागे जात राहिले. दोन वर्षांनी दफनाचं रजिस्टर चाळताना तोच जॉन दिसला, आठ महिन्यांचा असताना पुरलेला. माझी चार पिढ्यांची साखळी भलत्याच घराची निघाली.

तेव्हापासून माझा नियम ठाम आहे: बाप्तिस्मा सापडला की आधी दफन बघायचं. मूल गेलं नसेल, तर त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालंय का ते बघायचं. दुसरा जॉन रद्द झाल्याशिवाय पहिला आपला म्हणू नका. जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, अॅन ही नावं त्या काळी घराघरात होती. दुसऱ्याने टंकलेल्या सूचीवर विसंबू नका, मूळ पानाचं छायाचित्र उघडा. लग्नाच्या नोंदीत १७५४ पासून साक्षीदारांच्या सह्या किंवा खुणा असतात. तिथे भाऊ, मेहुणे भेटतात. बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात १८१३ पासून बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाणही लिहिलेलं असतं.

आणि जनगणनेतलं जन्मगाव हा पुरावा मानू नका. आपण वाढलो तेच गाव माणसं कित्येकदा सांगत. नकाशावर दहा मैलांचं वर्तुळ काढून त्यातली प्रत्येक पॅरिश तपासा.

मजुराच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा कागद मात्र गरिबीने तयार केलेला असतो. १६६२च्या कायद्याने गरजूला पोसायचं कुणी, तर तो ज्या पॅरिशचा तिने, असं ठरलं. मग परका मजूर पॅरिशवर बोजा होतोय असं दिसलं, की दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून त्याची जबानी घेत. अविवाहित तरुणाने सालगडी म्हणून पूर्ण वर्ष काढलं, तर त्याला तिथला, म्हणजे गरज पडल्यास त्याच पॅरिशकडून पोसलं जाण्याचा, हक्क मिळे. तो मिळू नये म्हणून काही शेतकरी ५१ आठवड्यांचीच बोली करत. हा नियम १८३४ पर्यंत चालला.

डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्ट्री सेंटर या दप्तरखान्यात अशा जबान्या चाळताना आमचा जॉन भेटला. जन्म तिसऱ्याच गावी, जनगणनेतल्या गावापासून चार मैलांवर. बाराव्या वर्षी कामाला लागला, पुढे एका शेतकऱ्याकडे चार पौंडांवर वर्षभर राहिला, बायकोचं नाव, दोन मुलांची वयं. खाली शाईची वाकडी फुली, तिच्या एका बाजूला ‘जॉन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘याची खूण’, कारकुनाच्या अक्षरात. त्या गावच्या रजिस्टरात बाप्तिस्मा पाच मिनिटांत मिळाला.

त्याच्याही मागे जाल तेव्हा एक सांभाळा: १७५२ आधी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई. रजिस्टरातला फेब्रुवारी १७२० म्हणजे आपला फेब्रुवारी १७२१.