बोरच्या पाण्यावर गाड्या धुता? मग काचेवरच्या पांढऱ्या डागांचं आधी समजून घ्या

तालुक्याच्या गावात वॉशिंग सेंटर टाकणारे पोट्टे सध्या भरपूर झालेत, आणि प्रेशर पंप, फोम, शाम्पू हे सगळं त्यांना येतंच, त्यामुळे ते मी सांगत बसत नाही. मी फक्त काचेवरच्या पांढऱ्या डागांवर लिहितोय. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त याच्यावरूनच तोंड वाकडं करून परत येतं आणि हे शिकवणारं कोणी भेटत नाही. मला तर नव्हतंच भेटलं. ज्या उस्तादाच्या हाताखाली मी होतो त्यांचा हात चांगला होता, पण बाटलीत काय आहे विचारलं की विषय बदलायचे. असा उस्ताद धरू नका भाऊ. काम थोडं कमी येत असलं तरी चालेल, पण बाटलीवरचं लेबल वाचू देणारा माणूस पाहा.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी दोनदा-तीनदा सांगणार आहे. डाग काढणं अवघड नाही. डाग काढल्यावर काच कोणत्या पाण्यानं धुता तिथं सगळं बिघडतं.

काच ओली असली की डाग दिसतच नाही. क्षाराचा थर खरबरीत असतो, त्याच्यावर उजेड विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो, आणि वरून पाणी भरलं की तो खरबरीतपणा भरून निघतो, काच आरशासारखी वाटते. मग तुम्ही औषध लावता, घासता, बोरच्या पाण्याचा पाइप मारता, काच एकदम चकाचक, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि बसस्टँडपर्यंत पोहोचेस्तोवर उन्हात काच वाळून पुन्हा ठिपके. कधी जुना डाग निघालेलाच नसतो, फक्त ओला असतो. आणि कधी जुना खरंच निघालेला असतो पण शेवटच्या पाण्यानं नवा बसवलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आपल्याला वाटतं औषध कच्चं आहे, मग अजून जहाल औषध, मग अजून जहाल. मी यात लई दिवस अडकलो होतो, औषधावर औषध बदलत होतो आणि पाण्याकडं कोणी बोट दाखवलं नाही.

हिशोब साधा आहे. टीडीएस म्हणजे एका लिटर पाण्यात विरघळलेला क्षार, मिलिग्रॅममध्ये. टीडीएस १५०० असलेलं १ लिटर पाणी वाळलं की मागे साधारण दीड ग्रॅम क्षार उरतो. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० च्या आत हवा म्हटलंय आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. जडपणाचं, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं, तसंच, २०० आणि ६००. म्हणजे पिण्याला चालतं ते पाणीसुद्धा काचेवर डाग पाडू शकतं. आणि अकोट, तेल्हारा, दर्यापूर ही पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेली गावं असतील तर तिथल्या बोरचं तर बोलायलाच नको. घरच्या कूलरच्या पॅडवर उन्हाळाभरात जो पांढरा थर धरतो ना, तोच माल काचेवर बसतो. खिडकीतल्या कूलरचे शिंतोडे येतात तिथं रोज गाडी उभी असेल तर एका बाजूच्या काचा हमखास जास्त खराब असतात, गिऱ्हाइकाला हे विचारत जा.

तर शेवटचा हात आरओच्या पाण्यानं. अख्खी गाडी नाही, फक्त काचा. स्प्रे बाटलीत भरा, काचेवर मारा, रबरी वायपरनं वरून खाली ओढा आणि कोरड्या मायक्रोफायबरनं कडा पुसा. एक पाण्याचा जार बऱ्याच गाड्यांना पुरतो. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर अजून चांगलं, पण रोज परवडत नाही. आणि काम झालं की नाही हे काच पूर्ण वाळल्यावरच ठरवायचं, टॉर्च तिरपी धरून. ओल्या काचेवर कधीच नाही.

इथं एक जण सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढायचं यंत्र, विकायला येईलच. सॉफ्टनर वाईट नाही, पण तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. डाग पडतातच, फक्त पुसायला सोपे असतात. फोम चांगला होतो, शाम्पू कमी लागतो, त्यासाठी घ्या. डाग पडणारच नाहीत असं कोणी म्हणत असेल तर पैसे खिशात ठेवा. खारपाणपट्ट्यात तर पाण्यात सोडियम आधीच जास्त आहे, तिथं सॉफ्टनर काय करणार?

डाग कोणता आहे ते आधी पाहायचं. काच धुऊन, वाळवून नख फिरवा. नखाला खरखर लागली तर थर वर बसलेला आहे, हा निघतो, घाबरू नका. नखाला गुळगुळीत लागतंय पण डोळ्याला दिसतंय, तर काच स्वतःच खाल्ली गेली आहे. पाणी काचेवर बरेच दिवस वारंवार साचून वाळत राहिलं की काचेतला सोडियम सुटतो, तो थेंब अल्कधर्मी होतो आणि काचेलाच खातो. हा कोणत्याच ॲसिडनं निघत नाही, कारण काढायला वर काही नाहीच. हे न समजता पोट्टे तासभर घासत बसतात.

वरच्या थरासाठी निंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, बस्स आहे. किराण्यात मिळतं. १ लिटर आरओच्या पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. बोरच्याच पाण्यात कालवलं तर त्याची थोडी ताकद त्या पाण्यातल्या क्षारावरच खर्च होते. पांढरं व्हिनेगरही चालतं, जरा हळू. गाडी सावलीत, काच थंड, म्हणजे आपल्या मे महिन्यात सकाळी लवकर नाहीतर दिवस बुडाल्यावरच. सुती कपडा भिजवून काचेवर चिकटवा, तीन ते पाच मिनिटं ओला राहू द्या, थर जाड असेल तर बारीक बुडबुडे दिसतील, पातळ असेल तर दिसणार नाहीत. मग हलक्या हातानं पुसा, लगेच धुवा. वाळू द्यायचं नाही बरं का, वाळलं तर त्याचाच पांढरा धुरकट थर बसतो. एका वेळी निघालं नाही तर पुन्हा करा, जोर वाढवू नका. पहिले काही दिवस हात सावकाश चालतो, चालू द्या, एका काचेला अर्धा तास लागला तर काही बिघडत नाही. बोनेट आणि ॲल्युमिनियम, क्रोमच्या पट्ट्या ओल्या कपड्यानं झाका, रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी. पुढच्या काचेला तडा असेल तर तिथं लावूच नका. मागच्या काचेला आतून ज्या गरम होणाऱ्या रेषा असतात त्या घासायच्या नाहीत.

आता शॉर्टकट. टूथपेस्ट, कोल्ड्रिंक हे मोबाइलवर पाहायला बरं आहे, कोल्ड्रिंकची साखर पुसता पुसता दुसरं काम निघतं. ब्लेड वापरायचं तर काच आधी नीट धुतलेली पाहिजे, कारण धुळीतली वाळू काचेपेक्षा कडक असते आणि ब्लेडखाली तिचा एक कण आला की कायमचा ओरखडा.

पण खरी भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ठिबकच्या नळ्या साफ करायला वावरात ॲसिड असतंच, नळीतला क्षार त्यानं विरघळतो हे सगळ्यांना माहीत आहे, मग कोणीतरी म्हणतं की काचेलाही मारून पाहू. नका मारू. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेनं पट्ट्या, वायपरचे नट, शेजारचं लोखंड सगळं गंजतं आणि तुमची छाती जाते ती वेगळीच. बाथरूम क्लीनरचं तेच. त्यात कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू निघतो. आणि बिनलेबलची जी पांढरी बाटली 'एका पुसण्यात डाग गायब' म्हणून मिळते, तिच्यात फ्लोराइडवालं ॲसिड असू शकतं, हायड्रोफ्लोरिक किंवा अमोनियम बायफ्लोराइड. ते डाग नाही, काच विरघळवतं. कातडीवर पडलं तर कधी लगेच दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. चुकून लागलंच तर भरपूर पाण्यानं धुवत राहा आणि सरळ दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या. निंबूसताला सुद्धा हातमोजे आणि चष्मा घाला, सवय लागू द्या.

काच खाल्लेली असेल तर सेरियम ऑक्साइड. पावडर पाण्यात कालवून फेल्ट पॅडनं पॉलिश. पॅड एका जागी थांबवायचा नाही, काच कोरडी पडू द्यायची नाही, मधेमधे तळहात लावून पाहायचं, गरम लागली की थांबायचं, नाहीतर तडकते. हे गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकू नका, भंगारातून जुनी काच आणा आणि तिच्यावर हात बसवा. जमतं, खरंच जमतं, वेळ लागतो एवढंच. मात्र पुढच्या काचेत ड्रायव्हरच्या नजरेसमोर जास्त खोल पॉलिश केलं की समोरचं वाकडं दिसायला लागतं, रात्री समोरून ट्रकचा लाइट आला तर अजूनच. तिथं काच बदला म्हणून सांगा, पैसे गेले तरी चालतील.

भाव ठरवायच्या आधी काचेच्या कोपऱ्यात टेप लावून वीतभर जागा करून दाखवा, वाळू द्या, मग गिऱ्हाइकाला टेप काढून दाखवा. जेवढं निघतं तेवढंच कबूल करा. आणि जाताना त्याला सांगा की घरी बोरच्या पाण्यानं काच धुतली तर उन्हात सोडायची नाही, लगेच कोरडी पुसायची. काचेवरचं कोटिंग मारून दिलं तरी हे करावंच लागतं, कोटिंगनं थेंब घसरतो, क्षार नाहीसा होत नाही.

पावसाळ्यात आरओचा खर्चही वाचवता येतो. टिनाचं छत असेल तर पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, धूळ, कचरा, पाखरांची घाण वाहून जाते, मग पन्हाळीला कपड्याची गाळणी बांधून पाणी टाकीत घ्या. टीडीएस मीटर लावून बघा, बोरच्या मानानं आकडा एकदम खाली असतो. टाकी झाकलेली ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'फक्त काचेसाठी' लिहा, नाहीतर कामावरची पोरं त्यानं चाकं धुतात.