चमकीची नखे: लावण्याआधी काढायला शिका

घरच्या घरी नेल आर्टचे काम सुरू करू पाहणाऱ्या जळगाव, भुसावळ, चोपडा, यावल भागातल्या मुली माझ्याकडे चौकशीला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा चमकी कुठली घ्यावी हाच असतो. मी मात्र त्यांच्या हातात आधी कापूस, ॲसिटोन (नेलपॉलिश विरघळवणारे द्रावण) आणि फॉइल देते. चमकी लावणे हे हाताला सवय झाली की महिन्याभरात जमते. ती नखाला धक्का न लावता काढणे मात्र समजून घ्यावे लागते, आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडे येणार की नाही हे त्यावरच ठरते.

साधे नेलपॉलिश दोन हात फिरवले की निघते, मग चमकी का चिकटून बसते, हे नवीन मुलीला नीट कळले पाहिजे. नेहमीच्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा मुख्य घटक इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेला असतो. नखावर लावल्यावर द्रावक उडून जातात आणि मागे कडक पापुद्रा राहतो, जो ॲसिटोन लागताच पुन्हा विरघळतो. चमकीचा कण या गटातला नाही. तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर चढवून बारीक कापलेला तुकडा असतो आणि ॲसिटोनने तो विरघळत नाही. त्यामुळे ओला कापूस घेऊन घासत बसले की रंग निघतो, कण जागच्या जागी राहतात, त्यांच्या कडा कापसाचे धागे ओढतात आणि कंटाळलेली व्यक्ती शेवटी नखाने, पिनेने किंवा दाताने ते उपटू लागते.

उपटलेल्या नखाचे काय होते हे मी गेल्या लग्नसराईत पारोळ्याकडच्या एका नवरीच्या अंगठ्यावर जवळून पाहिले. साखरपुड्याची चमकी तिने बसल्या बसल्या सोलून काढली होती. नखाच्या मधोमध पांढरट, खडबडीत चट्टा पडला होता, बोट फिरवले की कागदाच्या फाटलेल्या कडेसारखी साल हाताला लागत होती, आणि टोकाशी नखाचे दोन पापुद्रे वेगळे झालेले दिसत होते. नख केराटिन या प्रथिनाच्या एकावर एक बसलेल्या पातळ थरांचे असते. चिकटलेला रंग ओढला की वरचा थर त्याच्यासोबत येतो. असा थर औषधाने भरून येत नाही. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला साधारण 6 महिने लागतात, आणि तोवर तो चट्टा हळूहळू पुढे सरकत राहतो. त्या मुलीला मी लग्नासाठी त्या बोटावर जाड चमकी लावली नाही. बेस कोट, म्हणजे रंगाखालचा संरक्षक थर, देऊन फिकट रंग लावला आणि बाकीच्या नखांवर फक्त टोकांना चमक ठेवली.

काढण्याची रीत अशी आहे. नखांभोवतीच्या कातडीला आणि बोटांच्या टोकांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे, कारण ॲसिटोन कातडीतला स्निग्धपणा ओढून घेते. मात्र नखावर तेल जाऊ देऊ नये. कापसाचे तुकडे नखाच्या आकाराचेच करावेत. मोठा बोळा घेतला तर द्रावण बोटभर पसरते आणि नखाला कमी मिळते. कापूस ॲसिटोन असलेल्या रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवावा, त्यावर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा घट्ट गुंडाळावा आणि 8 ते 10 मिनिटे हात स्वस्थ ठेवायला सांगावे. फॉइलमुळे द्रावण हवेत उडून जात नाही, नखापाशीच राहते. वेळ झाल्यावर एकेक बोट घ्यावे, फॉइलवरून नखाला हलका दाब द्यावा, किंचित फिरवावे आणि मुळाकडून टोकाकडे एकाच ओढीत कापूस खेचून घ्यावा. बहुतेक कण कापसाला चिकटून येतात. आडवेतिडवे घासू नये, म्हणजे मोकळे झालेले कण नखाच्या कडेच्या खाचेत शिरणार नाहीत. जे थोडे उरतात ते लाकडी काडीने ढकलावेत. काडीला जोर लावावा लागला तर त्या बोटाला पुन्हा 3-4 मिनिटे कापूस गुंडाळावा. सगळी बोटे एकदम उघडू नयेत, कारण उघडलेल्या नखावरचा मऊ झालेला थर पाहता पाहता पुन्हा घट्ट होतो. शेवटी हात साबणाने धुऊन नखांच्या मुळाशी तेल जिरवावे. ॲसिटोन नसलेले रिमूव्हर कातडीला सौम्य असते, पण चमकीच्या बाबतीत त्याला बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

ॲसिटोनबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावून सांगते. ते अतिशय ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. आपल्याकडे लग्नघरी अंगणात भट्टी पेटलेली असते, भरताची वांगी भाजली जात असतात, देवघरात समई तेवत असते. अशा ठिकाणी ॲसिटोनची बाटली उघडू नये. खिडकी असलेली आणि चुलीपासून दूर असलेली खोली आधी मागून घ्यावी. ती मिळत नसेल तर काम थांबवलेले चांगले.

आता लावण्याकडे येते. भांडी घासून किंवा न्हाऊन आल्या आल्या नखे करायला घेऊ नयेत. नख पाणी शोषून किंचित फुगते, कोरडे होताना पुन्हा आखडते आणि वरचा रंग लवकर उडतो, म्हणून अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापू नये. ती नखाच्या मुळाचे जंतूंपासून रक्षण करते. कोमट पाण्यात बोटे बुडवून ती फक्त मागे सारावी आणि त्यानंतरही नखे कोरडी व्हायला तेवढाच वेळ द्यावा. मग रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवून तेलकटपणा घालवावा आणि पातळ बेस कोट द्यावा. एका संध्याकाळपुरतीच हौस असेल, तर सोलून निघणारा पाण्यावर आधारित बेस कोट मिळतो; तो पूर्ण सुकला की वर चमकी लावावी आणि दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात हात धरून कडेपासून हळूच सोडवावी. धुण्याभांड्यांत हात असणाऱ्या बाईला मात्र हा बेस देऊ नये, कारण तो पाण्याने कधीही सुटतो.

चमकी घेताना ती प्रसाधनासाठीची आहे ना, हे पाहून घ्यावे. स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी मिळणारी चमकी स्वस्त असते, पण नेलपॉलिशच्या द्रावकात तिचा रंग सुटतो आणि दोन दिवसांत लाल चमकी गुलाबी पाण्यात भिजल्यासारखी दिसते. बाटलीतल्या तयार ग्लिटर पॉलिशमध्ये कण तळाशी बसतात. बाटली जोरात हलवल्यास बुडबुडे धरतात, म्हणून ती दोन्ही तळव्यांत फिरवावी. ब्रशने फासल्यास कण विरळ बसतात. मेकअपच्या स्पंजवर पॉलिश लावून, स्पंजाने पातळ रंग शोषून घेतला की उरलेले कण नखावर टिपावेत. एका टिपणीत दाट चमक येते. सुटी चमकी वापरायची असेल तर हाताखाली कागद घ्यावा, एकेका नखावर रंग ओला असतानाच मऊ ब्रशने चमकी टाकावी, बोटाने हलके दाबावे आणि सुकल्यावर सैल कण झटकावेत. सुरुवात करणारीने पूर्ण नख भरण्याऐवजी टोकाकडून मुळाकडे विरळ होत जाणारी चमक शिकावी, असे माझे मत आहे. ती देखणी दिसते, काढायला निम्मेच कष्ट पडतात आणि नख वाढले तरी मुळाशी रेघ उठून दिसत नाही. शेवटी टॉप कोटचे, म्हणजे वरून द्यायच्या पारदर्शक पॉलिशचे, दोन पातळ थर द्यावेत आणि नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही ब्रश फिरवावा. हे टोक उघडे राहिले की चमकी तिथूनच सुटायला लागते.

खान्देशातला उन्हाळा या कामात स्वतंत्रपणे लक्षात घ्यावा लागतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि नेमकी आखाजी (अक्षय तृतीया) आणि लग्नांची गर्दी त्याच दिवसांत असते. उष्णतेत द्रावक भराभर उडतात, रंगाचा वरचा भाग आधी आवळतो, आत अडकलेली वाफ वर येताना बुडबुडे उमटतात. थर जितका जाड तितका हा त्रास जास्त, म्हणून मे महिन्यात मी प्रत्येक थर नेहमीपेक्षा पातळ देते आणि बाटलीचे झाकण दर नखानंतर टेकवते. घट्ट झालेल्या पॉलिशमध्ये रिमूव्हर घालू नये. नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात. कूलरच्या झोतात बसून सुटी चमकी उघडली तर ती घरभर होते, आणि ओल्या रंगावर झोत आला तर सुरकुत्या पडतात. कूलर चालू ठेवावा, पण पाठ त्याच्याकडे करून बसावे. वरून कोरडा वाटलेला रंग आतून कडक व्हायला काही तास घेतो, तेव्हा रात्री उशिरा लावल्यास सकाळी नखांवर गोधडीचे वळ उमटलेले दिसतात.

लग्नघरी क्रम सांभाळणे हे कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहे. मेंदी आधी, हळद नंतर, आणि हळदीचे हात धुऊन झाल्यावरच चमकी. मेंदीवर लावलेले तेल आणि लिंबू-साखर नखांवर राहते आणि त्यावर रंग धरत नाही. हळद तर टॉप कोटला पिवळी झाक देते, जी पुसून जात नाही. हळदीची रात्र म्हणजे अंगणात डीजे आणि घरात पाहुण्यांची वर्दळ. अशा वेळी नवरीच्या आईशी किंवा मोठ्या वहिनीशी आधीच बोलून तासाभराची वेळ ठरवून घ्यावी. बैठक ठरवतानाच घरातल्या एखाद्या आजीबाई विचारतात की ही चमक पिठात तर पडणार नाही ना. प्रश्न अगदी रास्त आहे. कळण्याचे पीठ मळणाऱ्या किंवा खापरावर मांडे टाकणाऱ्या हाताला मी सुट्या चमकीची नखे करत नाही. हवीच असतील तर टॉप कोटखाली पूर्ण बंद केलेली बारीक चमकी करते आणि पिठात हात घालताना हातमोजे वापरायला सांगते. पोटात प्लास्टिकचे कण जाऊ नयेत, एवढे पाहणे आपले काम आहे. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर 17 ऑक्टोबर 2023 पासून निर्बंध आणले, ते हे सूक्ष्म कण पाण्यात आणि मातीत जाऊन राहतात म्हणूनच. काढलेल्या चमकीचा कापूस आणि फॉइल कोरड्या कचऱ्यात टाकावे. कण मोरीत धुऊन सोडू नयेत. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या बायकांना नखे आखूड ठेवायला सांगावे, कारण वाळलेल्या बोंडांची टोके टॉप कोट ओरबाडतात.

जेल नेलपॉलिशबद्दल मुली फार उतावीळ असतात. ते खास यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली 30 ते 60 सेकंदांत कडक होते आणि बरेच दिवस टिकते, हे खरे. पण त्यातली ॲक्रिलेट वर्गातली रसायने अर्धवट कडक राहून कातडीला वारंवार लागली, तर ॲलर्जी जडू शकते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या भरणातही याच वर्गातली रसायने असतात, त्यामुळे प्रश्न नखांपुरता राहत नाही. जेल कातडीला लागू न देता लावायला आणि त्याच कंपनीचा योग्य दिवा वापरायला शिकवणारे कुणी समोर असल्याशिवाय जेलला हात घालू नये. काढताना त्याचा वरचा चकचकीत थर नखे घासायच्या फाइलने मोडावा लागतो आणि ॲसिटोनला 10 ते 15 मिनिटे द्यावी लागतात. हार्ड जेल हा जेलचा अधिक कडक प्रकार तर भिजवून निघतच नाही.

जाड, पिवळे पडलेले किंवा मुळापासून सुटलेले नख समोर आले तर ते चमकीखाली झाकू नका. गिऱ्हाइकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. दिवस भरत आलेल्या बाईला नखे करताना सांगून ठेवा, की बोटाला ऑक्सिजन मोजायचे यंत्र लावताना दवाखान्यात रंग काढायला लावतात; तिच्यासाठी सहज निघणारा प्रकारच निवडा.

पैशांचे सांगायचे तर काढण्याचा दर वेगळा ठेवा आणि तो लावतानाच सांगा. आपल्याकडे पुसायला कसले पैसे, असे म्हणणाऱ्या मावश्या भेटतात. त्यांना फॉइल गुंडाळलेली बोटे दाखवून लागणारा वेळ समजावला की त्या देतात. रीतसर शिकायचे असेल तर आयटीआयमध्ये दहावीनंतर एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, आणि तो केलेल्या मुलींना स्वच्छतेचा पाया पक्का मिळतो. पुढे भांडवल लागल्यास मुद्रा योजनेतल्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते, पण पहिल्या खरेदीसाठी कर्ज काढू नका. बेस कोट, टॉप कोट, दोन रंग, एक बारीक चमकी, ॲसिटोन, थिनर, फॉइल, स्पंज, लाकडी काड्या आणि गिऱ्हाईकागणिक नवीन फाइल एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. दिवा त्यानंतर घ्या, आणि गावात लोडशेडिंग असेल तर चार्जिंगवर चालणारा घ्या.