तुरीचा शेंडा आत्ता खुडा, कळी दिसली की हात लावू नका

भावांनो, सोयाबीनची कोळपणी उरकली, तण बऱ्यापैकी आटोक्यात आलं म्हणून सगळे आता पोळ्याची वाट बघायलेत, पण जूनच्या शेवटाला पेरलेली तूर सध्या गुडघ्याच्या वर निघालीय अन् शेंडा खुडायचा टाइम हाच आहे. दरवर्षी आपल्याकडं निम्मे लोक हे काम लेट करतात, कळ्या लागल्यावर मशीन घेऊन निघतात अन् मग म्हणतात खुडून काय फायदा झाला नाही. फायदा कसा होईल, कळीच कापून टाकली ना राव.

झाडाचा शेंडा जोवर जागेवर असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीच्या कोंबांना, फुटू देत नाही, शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब जातो, पानांच्या बगलेतले डोळे फुटतात, फांद्या वाढतात, अन् तुरीला शेंगा फांद्यांवरच लागतात त्यामुळं जितक्या फांद्या तितकं बरं. पण नवीन फांदीला वाढायला पुढं काही आठवडे तर मिळायला पाहिजेत. तूर हे दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येणारं पीक, तुम्ही कधी पेरलं ते ती फारसं बघत नाही. म्हणूनच 15 जुलैनंतर पेरलेल्या तुरीत मी खुडणी सांगत नाही, तिला आधीच वाढीला वेळ कमी मिळालाय. मुरमाड हलक्या रानातल्या बारक्या तुरीलाही सोडून द्या.

दिवस मोजायचे तर पेरणीपासून 40 ते 45 दिवसांनी पहिली खुडणी, अन् भारी काळ्या रानात झाड जोरात असेल तर 60 दिवसांच्या आसपास दुसरी. बीडीएन-711 सारख्या लवकर येणाऱ्या वाणात दुसरी खुडणी जपून करा, बीएसएमआर-736 सारख्या लांब मुदतीच्या वाणात थोडी जास्त सवड मिळते. तरी दिवसांवर सगळं सोडू नका, झाड बघा. शेंडा चिमटीत धरून नखानं मोडायचा, पटकन तुटला तर बरोबर जागा धरली, साल ओढत खाली आली तर तुम्ही जास्त खाली गेलात, तो भाग निबर झालाय. दोन-अडीच इंचाच्या वर काढायचं कामच नाही. अन् मोडायच्या आधी वरची दोन-चार पानं बाजूला सारून बगलेत बघा, तिथं बारक्या हिरव्या कळ्यांचा झुपका दिसला की त्या रानातून बाहेर निघा, खुडणीचा विषय संपला.

दोन-तीन एकर असेल तर बायामाणसं हातानं करतात ते सगळ्यात चांगलं. जास्त रान असेल तर फवारणी पंपाच्या बॅटरीवर चालणारं मशीन मिळतं, काम फास्ट होतं, फक्त पातं धारदार पाहिजे नाहीतर शेंडा कापण्याऐवजी चिंबतो. पाऊस चालू असताना किंवा झाड ओलं असताना खुडू नका, जखम ओली राहिली की बुरशीला आयतं दार मिळतं, शिवाय काळ्या चिखलात पाय रुतून तुरीच्या मधल्या ओळींतली सोयाबीन तुडवली जाते ती वेगळीच. वाफसा येऊ द्या, दुपारचं ऊन पडू द्या. तसंच उलट, पाऊस ताणला अन् पानं मान टाकायलीत तर थांबा. खुडताना एखादं झाड फिकट, बारीक पानाचं, झुडपासारखं झालेलं दिसलं तर तो वांझ रोग समजा, कोळी नावाची बारीक कीड तो पसरवते, झाड उपटून रानाबाहेर काढा, शेंडा मोडून त्याला काही होत नाही.

आता कपाशीवाल्यांसाठी. परभणीकडच्या दादा लाड यांचं कपाशीचं तंत्र बऱ्याच जणांनी ऐकलंय, त्यात लागवडीनंतर 40 ते 45 दिवसांनी गळफांद्या काढतात अन् पुढं 75 दिवसांच्या आसपास शेंडा खुडतात. घोटाळा होतो तो फांदी ओळखण्यात. गळफांदी बुडाजवळून निघते, खोडाला चिकटून सरळ वर जाते, तिच्यावर थेट पाती, म्हणजे कपाशीची कळी, लागत नाही. फळफांदी आडवी निघते, प्रत्येक पेऱ्याला वाकडी होत जाते अन् तिथंच पानासमोर पाती असते. पहिल्या दिवशी मजुराला एक झाड हातात धरून दोन्ही फांद्या दाखवा मगच कैची द्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत अर्धी फळफांदी बांधावर पडलेली असते. अन् हे तंत्र दाट लागवडीसाठी, 3 बाय 1 फुटावर. तुम्ही चार-पाच फुटावर कपाशी लावली असेल तर तिथं गळफांदीच मोकळी जागा भरून काढते, ती कापून सरी रिकामी ठेवण्यात काय अर्थ नाही असं माझं मत आहे.

खुडल्यावर युरिया फेकायची घाई करू नका, तूर नुसती पाल्यानं भरते. खुडलेले कोवळे शेंडे मात्र शेळ्यांना टाका, पण त्या रानात फवारा मारून किती दिवस झालेत ते आधी बघून.