पद्मिनीची कमान आणि ब्रेक: काय घडवायचं, काय विकतच घ्यायचं

अमळनेरचे आप्पा त्यांची १९७९ची प्रीमियर पद्मिनी टेम्पोत घालून माझ्या धुळ्याच्या लेथवर घेऊन आले. रंग झालेला, इंजिन सुरू, क्रोम चकचकीत. टेम्पोतून उतरल्या उतरल्या म्हणाले, “भो, गाडी पळस तेनी माले काळजी नही. थांबस का नही ते सांग.”

जुनी गाडी उभी करणारे बहुतेक लोक ही गोष्ट शेवटी विचारतात. आप्पांनी आधी विचारली, म्हणून त्यांच्या गाडीवर जे काम केलं तेच इथे सांगतो. ज्यांच्याकडे लेथ, ड्रिल मशिन आणि प्रेस आहे, किंवा गावात असा कारागीर ओळखीचा आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

पद्मिनीला पुढे दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाट्यांची कमान, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पार्ट घडवण्याआधी माझा एक नियम ठरलेला आहे. मूळ पार्ट ओतीव किंवा फोर्ज केलेला असेल आणि त्याच्यावर चाक लटकत असेल, तर तो मी घडवत नाही, त्याला वेल्डिंगही मारत नाही. स्टब अ‍ॅक्सल (ज्याच्यावर पुढचं चाक फिरतं तो आखूड दांडा), स्टिअरिंग आर्म, व्हील सिलिंडरची बॉडी, ब्रेकचे लवचीक होज हे सगळं नवीन किंवा चांगल्या जुन्या गाडीचं तपासून घ्यायचं. पट्ट्या, पिना, बुश (सांध्यातलं रबरी किंवा प्लास्टिकचं गोल अस्तर), स्लीव्ह, ब्रेकच्या पक्क्या नळ्या हे मात्र नीट घडवता येतं, आणि आज बाजारात मिळतं त्यापेक्षा चांगलं घडवता येतं.

आधी तडा शोधा

गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, चार घोड्या (स्टँड) लावा. पार्ट खोलले की धुऊन घ्या आणि स्टब अ‍ॅक्सलच्या मुळाशी, जिथे जाड भाग बारीक होतो त्या वळणावर, तडा शोधा. आमचे उस्ताद रॉकेलने करायचे. पार्ट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवायचा, सकाळी कोरडा पुसायचा आणि वरून खडू घासायचा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. आता तीन डब्यांचा लाल डाय मिळतो, मी तोच वापरतो. आप्पांच्या गाडीच्या डाव्या स्टबवर डाय पुसून पांढरा डेव्हलपर (तड्यातला डाय बाहेर ओढणारी पावडर) मारला आणि दहा मिनिटांत नखाएवढी लाल रेघ आली. नुसत्या डोळ्यांनी तिथे काहीच दिसत नव्हतं. तो स्टब त्याच दिवशी भंगारात टाकला. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या उतरल्या. जुना माल अजून फिरतो आहे, तोवर असे दोन पार्ट जास्तीचे घेऊन ठेवा.

शॅकलच्या पट्ट्या आणि पिना

मागची कमान शॅकलवर झुलते. शॅकल म्हणजे दोन पट्ट्या आणि दोन पिना. चाळीस वर्षांत पट्टीचं भोक लांबट होतं आणि गाडी वळणावर मागून डुलते. इथे एक चूक हमखास होते: झिजलेल्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घेतात. भोक लांबट झालं की मध्य सरकलेला असतो. माप न झिजलेल्या कडांवरून घ्या, चारही पट्ट्या मोजा, जुळणारा आकडा धरा.

जाडी मूळ पट्टीपेक्षा कमी नको. दोन्ही पट्ट्या एकावर एक बोल्टने आवळून एकाच वेळी भोक पाडा, म्हणजे अंतरात फरक पडत नाही. ड्रिलने थोडं कमी, शेवटी रीमर. मग कानशीने सगळ्या कडा गोल करा आणि पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा ओरखडा राहिला की तडा तिथूनच सुरू होतो.

पिनेला मी ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) वापरतो, वरची कातडी कडक करून घेतो. बोल्ट वापरणार असाल तर डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा उठवलेला पाहा आणि पट्टी जिथे बसते तिथे बोल्टचा गुळगुळीत भाग येईल एवढी लांबी निवडा. आटे तिथे आले तर ते पट्टी खातात आणि बोल्टही तिथेच तुटतो. कडक केलेल्या पिनांना झिंक चढवायला देऊ नका. प्लेटिंगच्या हौदात पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ती पिन नंतर काचेसारखी तुटू शकते. रंग पुरेसा आहे.

कमानीचे पाटे दबून बसलेले असतील तर दोन्ही डोळ्यांमध्ये (मुख्य पाट्याच्या टोकांच्या गोल कड्यांमध्ये) दोरा ताणा आणि दोऱ्यापासून मुख्य पाट्यापर्यंतची उंची मोजा. डावी-उजवी सारखी हवी. पाटे थंडच प्रेसवर वाकवून कमान चढवायची. गॅसकटरने लाल करून वाकवणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि महिन्याभरात कमान पुन्हा बसते. पाटा तापवायचाच असेल तर भट्टी, तेलात पाणी आणि मग टेंपरिंग हे पूर्ण व्हायला हवं, आणि ते कमानवाल्याच्याच भट्टीत.

बुश

मागच्या डोळ्यांसाठी मी पॉलियुरेथेनचे बुश लेथवर काढतो. ८० शोरच्या (शोर म्हणजे कडकपणाचं माप) आसपासचा रॉड घ्या, ९५चा घेतलात तर गाडी टांग्यासारखी उडते. आता खरी अडचण. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि तेव्हा हा रॉड टूलसमोरून नुसता पळतो. कापत नाही, दबतो. माप येतच नाही. म्हणून रॉडचे तुकडे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे. सकाळी सातच्या आत एक एक तुकडा काढायचा, कापडात धरून चकमध्ये बांधायचा. टूल वस्तऱ्यासारखं धारदार, लाकडाला लावतो तसं. गार तुकड्यावरून पांढरी, लांब, दोऱ्यासारखी चिप निघाली की समजायचं जमलं. चिप तुटक आणि चिकट निघायला लागली की तुकडा परत फ्रीझरमध्ये. अंतिम माप तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच घ्या. डोळ्यापेक्षा बाहेरून ०.२ ते ०.३ मिमी मोठा ठेवा. आतली लोखंडी स्लीव्ह बुशपेक्षा किंचित लांब हवी, म्हणजे बोल्ट स्लीव्हला आवळेल आणि बुश तिच्याभोवती मोकळा फिरेल. सिलिकॉन ग्रीस लावा, साधं नको.

पुढच्या आर्मना मात्र रबरी बुशच ठेवा. ते घालायला हातोडा नको. लांब स्टड, दोन नट, एक वाटी आणि एक पाइपचा तुकडा, एवढ्यात बुश सरळ ओढला जातो. शेवटचा आवळ चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन स्प्रिंगवर असतानाच द्या. चाक लटकत असताना आवळलात तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहून फाटतं. नवे बुश दोन महिन्यांत गेले अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो.

ब्रेक

१९९८मध्ये मी एका जीपला फ्रिजची तांब्याची नळी ब्रेकसाठी वाकवून दिली. वाकवायला सोपी, दिसायला सुंदर. लळिंगच्या उतारावर ती नटच्या मागे तुटली. ड्रायव्हरने गिअर आणि हँडब्रेकवर गाडी थांबवली, कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून तांब्याची नळी माझ्या दुकानात ब्रेकला लागत नाही. तांबं हादऱ्याने कडक होत जातं आणि फ्लेअरच्या (नळीच्या पसरवलेल्या तोंडाच्या) मुळाशी चिरतं. स्टीलची ब्रेक नळी किंवा तांबं-निकेलची मिश्र नळी घ्या, ३/१६ इंच.

नळी करवतीने नाही, कटरने कापा. आतली बर (कापताना उठलेली धार) काढा. फ्लेअर करण्याआधी नट नळीत घातला का ते पाहा. फ्लेअर दुहेरी हवी, आणि तिचा आकार जुन्या नळीच्या तोंडाशी ताडून घ्या. आटेही तपासा, फियाटचे मेट्रिक असतात, अ‍ॅम्बॅसडरचे इंचाचे. चुकीचा नट दोन आटे बसतो आणि फसवतो. मास्टर सिलिंडरपाशी नळीला एक गोल वेढा द्या, हादरे तिथे जिरतात. पुढे वीत-वीतभर अंतरावर क्लिपा.

व्हील सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर बॉडी तशीच ठेवून बोअर मोठा करा आणि स्टेनलेसची स्लीव्ह दाबून बसवा. ऑईलचं भोक आणि एअर काढायचं भोक स्लीव्हमधून पुन्हा पाडावं लागतं. त्या भोकांची आतली कड बोट फिरवून बघा. जराही बोचली तर ती रबर कपाला पहिल्याच दिवशी कापेल. होनिंग करून मूळ मापाला आणा. पिस्टन स्वतःच्या वजनाने हळूच खाली सरकला पाहिजे. रबर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका, फुगतात. ब्रेक ऑईलनेच धुवा.

जुन्या लायनरमध्ये (ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रमला हवा मारू नका, ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून टाका. नवं लायनर रिव्हेट करताना मधून सुरुवात करून टोकांकडे जा.

पुढे डिस्क बसवू का, असं बरेच जण विचारतात. मी बसवत नाही. मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह, चाकाचा ऑफसेट सगळंच बदलतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. नीट लायनर लावलेले ड्रम पद्मिनीच्या वजनाला पुरतात.

ऑईल डॉट-४ भरा, नव्या सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि उकळायचं तापमान २३० अंशांवरून घसरत जातं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकातून एअर काढायला सुरुवात करा. मग पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा आणि दुसऱ्या माणसाने प्रत्येक नटाखाली कोरडा कागद लावून बघावा.

पहिली चाचणी मोकळ्या शिवाररस्त्यावर, ताशी वीसच्या वेगाने. थांबून चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, एखादा जास्त तापला असेल तर तो शू घासतोय. आप्पांची गाडी आम्ही चार दिवस अशी फिरवली, मगच कन्नडचा घाट. उतरताना दुसरा गिअर. ड्रम तापून फुगला की शू दूर राहतो आणि पेडल खाली जायला लागतं, तसं वाटलं की लगेच बाजूला घेऊन थांबायचं. चाळीसगावपर्यंत एकदाही थांबावं लागलं नाही. खाली आप्पा उतरले, चारी चाकांजवळ वाकून हात नेला आणि म्हणाले, “थांबस.” पाचशे किलोमीटरला कमानीचे यू-बोल्ट पुन्हा आवळायला त्यांना बोलावलं आहे. पाटे बसले की ते हमखास ढिले होतात.