टीव्ही लागतो पण रिसीव्हर उठत नाही, मग काय काय बघायचं

आमच्या मालवणकडच्या घरी माजघरात टीव्ही आहे आणि त्याला जोडलेला एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन मोठ्या स्पीकरना देणारा डबा), दोन उभे स्पीकर, एक वूफर. हे सगळं मीच मुंबईहून नेऊन बसवलं कारण बाबांना यूट्यूबवर दशावतार आणि डबलबारी (दोन बुवांमधला भजनाचा सामना) बघायची भारी हौस, आणि टीव्हीच्या त्या पत्र्यासारख्या आवाजात पखवाज म्हणजे कोणीतरी तेलाचा रिकामा डबा बडवतंय असं वाटायचं. पहिले दोन महिने मस्त चाललं, टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप चालू, बंद केला की दोन्ही बंद, एकच रिमोट. मग जूनमध्ये पाऊस लागला आणि फोन आला, "अरे, टीव्ही लागलो पण आवाज काय येणा नाय."

त्यानंतर फोनवरून, मग गणपतीत प्रत्यक्ष जाऊन जे काय शिकलो ते लिहितोय. ज्यांच्याकडे साउंडबार आहे त्यांनापण ह्यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी एक समजून घ्या, कारण हे कळलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो. एचडीएमआय केबलमध्ये १९ पिना असतात, त्यातली १३ नंबरची पिन चित्र पण नेत नाही आणि आवाज पण नेत नाही, ती फक्त निरोप नेते. ह्या निरोपाच्या पद्धतीला सीईसी म्हणतात. टीव्ही बंद करताना तो सगळ्यांना मिळून एकच आरोळी ठोकतो की झोपा रे आता, आणि ज्याला ऐकू येईल तो झोपतो. पण चालू होताना तसं नाही. चालू होताना टीव्हीने खास रिसीव्हरला वेगळी विनंती करावी लागते की बाबा आवाज तू सांभाळ, आणि ती विनंती टीव्ही तेव्हाच करतो जेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेरच्या सिस्टीमला द्यायचा असं ठरलेलं असतं. म्हणून "बंद होताना दोन्ही बंद होतात पण चालू होताना फक्त टीव्हीच लागतो" ही तक्रार इतकी कॉमन आहे. त्यात काही खराब झालेलं नसतं, टीव्हीने विचारलेलंच नसतं.

आता तपासायला सुरुवात भिंतीपासून करा. हसू नका. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय घराघरात आहे, आणि मे महिन्यातल्या विजा बघितल्या तर ती सवय काही वाईट नाही. पण रिसीव्हरला निरोप ऐकायला थोडातरी करंट लागतो, तो स्टँडबायमध्ये पाहिजे, म्हणजे समोर बारीकसा दिवा किंवा निदान रिमोटने चालू होण्याइतका जीव पाहिजे. भिंतीवर बटण बंद म्हणजे रिसीव्हर झोपलेला नाही, मेलेला आहे. काही रिसीव्हरला पुढच्या बाजूला पण एक मोठं दाबायचं बटण असतं, ते बाहेर आलं की पूर्ण बंद, रिमोटला पण दाद देत नाही. ते बटण लादी पुसताना आईकडून दोनदा दाबलं गेलंय.

भिंत ठीक असेल तर मग ही एक चाचणी करा. रिसीव्हर त्याच्या स्वतःच्या रिमोटने चालू करा आणि मग टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त करून बघा. रिसीव्हरवरचा आकडा हलला म्हणजे १३ नंबरची तार ठीक आहे, निरोप जातोय, आता फक्त सेटिंग बघायची, केबल बदलायला धावू नका. आकडा ढिम्म हलला नाही तर टीव्ही स्वतःच्याच स्पीकरवर आहे, सीईसी कुठेतरी बंद आहे किंवा तार, पोर्ट ह्यात गडबड आहे. दुकानदार ही चाचणी करत नाहीत, सरळ नवीन केबल विकतात.

आकडा हलो न हलो, आधी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा आणि आवाज कुठून येतोय ते बघा. तिथे टीव्ही स्पीकर निवडलेलं असेल तर तेच कारण. ते बदलून ऑडिओ सिस्टीम किंवा रिसीव्हर किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या तारेने रिसीव्हरकडे नेण्याची सोय), जे काय नाव असेल ते करा. मग टीव्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. बहुतेक घरात इथेच काम होतं. पण मला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो की ही सेटिंग बदलली कोणी? आमच्याकडे मी तीनदा फोनवरून बाबांकडून ती नीट करून घेतली आणि चौथ्या दिवशी पुन्हा टीव्ही स्पीकर. मी बाबांना म्हटलं तुम्ही हात लावताय, ते म्हणाले मी कशाक लावतलंय, आणि दोन दिवस आमचं बोलणं जरा कोरडंच चाललं.

गणपतीत गेलो तेव्हा कळलं. संध्याकाळी लाईट गेली, आणि टीव्ही चालूच. का, तर टीव्हीचा बोर्ड इन्व्हर्टरवर आहे, आणि रिसीव्हरची पिन मी शेजारच्या जुन्या बोर्डात घातली होती, तो थेट लाईनवर. म्हणजे लाईट गेली की रिसीव्हर खटकन मरायचा, टीव्ही जिवंत. टीव्ही बघायचा की बाहेरची सिस्टीम गायब झाली, मग तो गपचूप स्वतःच्या स्पीकरवर यायचा, आणि बरेच टीव्ही तीच निवड लक्षात ठेवतात, त्यामुळे लाईट आल्यावर पण तो रिसीव्हरला हाकच मारायचा नाही. पावसात आमच्याकडे लाईट दिवसातून किती वेळा जाते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन्ही पिना एकाच बोर्डवर आणल्या आणि प्रॉब्लेम गेला. इन्व्हर्टर झेपेल का ही शंका मलापण होती, पण रिसीव्हरच्या पाठीवर जे वॅट लिहिलेले असतात तेवढे तो घरच्या आवाजात खात नाही, आमच्या साध्या घरगुती इन्व्हर्टरला काही झालं नाही. तुमचा इन्व्हर्टर लहान आणि फ्रिजपण त्याच्यावरच असेल तर मात्र उलटं करा, टीव्हीच इन्व्हर्टरवरून काढा. दोन्ही एकत्र जगले पाहिजेत किंवा एकत्र मेले पाहिजेत, एवढंच.

असंच अजून एका प्रकारे होतं. टीव्ही चालू असताना कोणी रिसीव्हर त्याच्या रिमोटने बंद केला, की टीव्ही पुन्हा स्वतःच्या स्पीकरवर. म्हणून रिसीव्हरचा रिमोट आता कपाटात ठेवलाय.

आता ही सेटिंग बदलून पण ज्यांचा आकडा हललाच नाही त्यांच्यासाठी. सीईसी दोन्हीकडे चालू पाहिजे, टीव्हीत पण आणि रिसीव्हरमध्ये पण, आणि गंमत म्हणजे बऱ्याच कंपन्या त्याला सरळ सीईसी म्हणत नाहीत. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. रिसीव्हरकडे डेनॉन, मरांट्झ, यामाहात एचडीएमआय कंट्रोल अशा नावाने सापडेल, ऑन्क्योच्या जुन्या मॉडेलवर आरआयएचडी. नावं वेगळी, भाषा एकच, त्यामुळे एका कंपनीचा टीव्ही आणि दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर चालतो. चालतो म्हणजे, चालायला पाहिजे. प्रत्येकाने त्या भाषेत आपापली बोली मिसळलीय, मालवणी माणसाला रत्नागिरीकडची बोली समजते पण एखाद्या शब्दाला अडखळतो तसं. मुख्य सेटिंगच्या आत बऱ्याचदा दुसरी असते, आपोआप चालू-बंद होण्याची, तीपण बघा. आणि टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर हे सगळं पुन्हा एकदा तपासा.

मग पोर्ट. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय असतात पण एआरसी लिहिलेलं साधारण एकच, केबल तिथेच पाहिजे. आणि रिसीव्हरकडचं टोक आऊटमध्ये, इनमध्ये नाही. ही चूक मी स्वतः केलीय, कारण डोक्यात असतं की आवाज टीव्हीतून रिसीव्हरच्या आत जातोय म्हणजे इन. पण एआरसीची सोय मुळात आऊटच्याच तारेतून आवाज उलटा आणण्याची आहे, एचडीएमआयच्या २००९ च्या १.४ आवृत्तीत ती आली, त्याआधीच्या रिसीव्हरमध्ये शोधत बसू नका. दोन आऊट असतील तर ज्याच्यावर एआरसी लिहिलंय तोच घ्या.

इथे एक फसवणारी गोष्ट आहे. साध्या एआरसीला सुरू व्हायला सीईसी लागतं, पण एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या ईएआरसीला (एआरसीची सुधारलेली आवृत्ती) लागत नाही, त्याची बोलणी वेगळ्या वाटेने होतात. म्हणजे नवीन टीव्ही आणि नवीन रिसीव्हर असेल तर सीईसी बंद असून पण आवाज छान येऊ शकतो, आणि तुम्ही म्हणणार की आवाज येतोय म्हणजे कनेक्शन बरोबरच आहे मग उठत का नाही. म्हणूनच आकड्याची चाचणी आधी करायची. आणि तुमचा आवाज जर ऑप्टिकल केबलने जात असेल, ती लाल उजेडवाली, तर तिच्यातून फक्त आवाज जातो, निरोप अजिबात नाही. काही साउंडबार ऑप्टिकलवर आवाज आला की स्वतःहून जागे होतात ती वेगळी गोष्ट.

केबलबद्दल थोडं. आपल्याकडे खाऱ्या हवेने सायकलची चेन गंजते तशा पिनापण काळवंडतात, दिसत नाही पण होतं. सगळं बंद करून, पिना भिंतीतून काढून, एचडीएमआयचं टोक चार-पाच वेळा घालून काढून बघा, त्यानेच पुष्कळदा संपर्क पुन्हा येतो. नाहीतर मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) थोडं ब्रशला लावून टोक पुसा आणि पूर्ण सुकू द्या. खोबरेल तेल, डब्ल्यूडी-फोर्टी असले प्रयोग नकोत. मध्ये स्प्लिटर किंवा स्वस्तातला जोड असेल तर तो काढून सरळ केबल लावून बघा, कारण अशा काही वस्तूंत १३ नंबरची पिन जोडलेलीच नसते.

एवढं करून नाही झालं तर सगळ्यांची करंटसकट झोप मोडायची. टीव्ही, रिसीव्हर, सेटटॉप बॉक्स, फायर टीव्हीसारखी स्टिक, सगळ्यांच्या पिना भिंतीतून बाहेर, एचडीएमआय केबलीपण बाहेर, दहा मिनिटं चहा घ्या. मग फक्त टीव्ही आणि रिसीव्हर एका केबलने जोडा, बाकी काही नाही. आधी रिसीव्हरला करंट द्या आणि तो स्टँडबायला येऊ द्या, मग टीव्ही लावा. दोघंच असताना चाललं तर एकेक वस्तू परत जोडत जा, आणि प्रत्येक वेळी बंद-चालू करून बघा. सीईसीची तार सगळ्यांची मिळून एकच असते, गावच्या पाणंदीसारखी, एकाने बैलगाडी आडवी लावली की सगळ्यांची वाट बंद. बंद पडलेला जुना बॉक्स नुसता जोडून ठेवला तरी तो ती तार दाबून धरू शकतो. आमच्या शेजारच्या काकांकडे वर्षभर रिचार्ज न केलेला सेटटॉप बॉक्स होता, तो काढला आणि त्यांचा साउंडबार उठला.

विजेचं मात्र गमतीत घेऊ नका. कडकडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढा आणि डिशच्या छत्रीची वायरपण बॉक्समधून काढा, कारण झटका बऱ्याचदा त्या वायरने येतो आणि एचडीएमआयपर्यंत पोचतो. असा मार बसलेल्या टीव्हीत चित्र-आवाज ठीक आणि फक्त निरोप मुका असं होऊ शकतं. तसं असेल तर कुठलीही सेटिंग कामाची नाही, दुसऱ्याचा टीव्ही किंवा रिसीव्हर आणून लावून बघा म्हणजे कोण मुका झालाय ते कळेल.

मुका झालाच असेल आणि बोर्ड बदलायचा खर्च नको असेल तर जुगाड आहे. फायर टीव्ही स्टिकच्या ज्या व्हॉइस रिमोटवर पॉवर आणि आवाजाची बटणं असतात त्यात इन्फ्रारेड असतं, त्याच्या इक्विपमेंट कंट्रोल सेटिंगमध्ये रिसीव्हरची कंपनी निवडली की एकाच बटणाने दोघांना चालू करता येतं. फक्त रिमोट त्या दिशेला धरावा लागतो, आणि कधीतरी एक चालू एक बंद असा उलटा खेळ होतो, तेव्हा एकाला हाताने लावून जुळवून घ्यायचं.

आणि सगळं नीट झाल्यावर एक काम राहतं. स्टिकलापण सीईसीने टीव्ही जागा करता येतो, आणि काही स्टिका रात्री अपडेटनंतर तसं करतात. आमच्याकडे सगळं जुळवून मी झोपलो आणि पहाटे अडीचला टीव्ही लागला, टीव्हीने रिसीव्हरला उठवलं, आणि बाबांनी अर्धवट सोडलेली डबलबारी अख्ख्या वाडीला ऐकू गेली. स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन तिचं सीईसी बंद करा, टीव्ही आणि रिसीव्हरचं चालू ठेवा.